टाके पिकू नयेत म्हणून

अपेंडिक्स फुटलेला पेशंट रात्री आला की नातेवाईक विचारतात, ‘ऑपरेशन मोठं आहे का?’ अपेंडिक्स काढणं बहुतेकदा सोपंच असतं. जखम चिघळणार की नाही हे मात्र त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या बारीकसारीक कामांवर बरंचसं ठरतं, आणि त्या कामांचं कौतुक कुणी करत नाही.

चिरा घेण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून गेलेलं हवं, म्हणजे सुरी टेकते तेव्हा ते रक्तात पुरेसं उतरलेलं असतं. घाईत नेमकं हेच निसटतं. वॉर्डला वाटतं ओटीत देतील, ओटीला वाटतं वॉर्डात दिलं. भूलतज्ज्ञ ‘दिलं’ म्हणेपर्यंत मी हात पुढे करत नाही. शिवाय आतड्यात प्राणवायूशिवाय जगणारे जंतूही असतात, त्यांच्यासाठी बहुधा मेट्रोनिडॅझोल लागतं. पोट वस्तऱ्याने भादरायची जुनी रीत तर बंदच व्हावी. त्या ओरखड्यांत जंतूंना आयती जागा मिळते. आणि बेंबी! दुर्बिणीचं पहिलं भोक तिथूनच, आणि तिच्यात वर्षानुवर्षांचा मळ.

पुवाने भरलेलं अपेंडिक्स जखमेच्या कडांना घासत बाहेर ओढू नये. महागडी पिशवी नसली तर हातमोज्याचं बोट कापून त्यात ते घालतो. मग पोट बंद करण्याआधी हातमोजे बदलायचे, हत्यारंही नवी घ्यायची. भारतासह सात देशांत झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटाच्या ऑपरेशननंतर जखमेत संसर्ग होण्याचं प्रमाण एवढ्यानेच 18.9 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं. इतकं स्वस्त औषध मला दुसरं माहीत नाही.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात पू फारच पसरलेला असेल, तर कातडी उघडी ठेवून काही दिवसांनी शिवायची, असं आम्हाला शिकवलं. त्याचा ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, म्हणून आता मी बहुतेक जखमा लगेच शिवतो. अगदी घाणेरडी जखम मात्र अजूनही उघडी ठेवावीशी वाटते. ‘टाके घालायचे राहिले का?’ हा प्रश्न तेव्हा ठरलेला.

साधं, न फुटलेलं अपेंडिक्स असेल तर नंतर अँटिबायोटिक चालू ठेवायची गरज नसते, पण ‘भारी गोळ्या’ लिहून न दिल्याने घरचे नाराज होतात. जखम लाल झाली, ठणका वाढला, ताप आला तर लगेच या, हे मी बजावतो. भाताने आणि वांग्याने टाके पिकत नाहीत, हेही सांगतो. आजी मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात ज्वारीची भाकरी आणि दुधी.