वाईहून सायकलीने

सायकल घरोघरी असते. पण रस्ता आपला दम पाहून धरावा, हे मला जरा उशिराच कळले.

आमच्या वाईहून मेणवली सुमारे ३ किलोमीटर. रस्ता कृष्णेच्या खोऱ्यातून जातो, चढ फारसा नाही. पोरासोरांनी आणि नव्याने शिकणाऱ्यांनी हाच धरावा. नाना फडणविसांचा वाडा, नदीचा घाट आणि ती मोठी घंटा पाहून न्याहारीला घरी परतता येते. आमच्या सौभाग्यवती ४५व्या वर्षी इथेच सायकल शिकल्या. लोक हसले, हसू द्यावे. दम बरा असेल त्याने तसेच पुढे धोम धरणापर्यंत जावे.

पसरणीचा घाट मात्र निराळा. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १,३०० च्या आसपास. आणि अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर. मावशीकडे राहिलेल्या मुलीला आणायला निघालो, तेव्हा अर्धा घाट सायकल हातात धरून चढलो. त्याची लाज नाही. लाज वाटते ती उतरतानाची. ब्रेकचे रबर झिजले होते, ते ठाऊकही होते. पुढच्या बाजारी बदलू म्हणून राहिले. मुलगी मागे कॅरिअरवर. वळणावर समोरून एस.टी. आली, दोन्ही ब्रेक आवळले तरी चाक थांबेना. शेवटी सायकल रस्त्याकडेच्या चरात घातली. माझे गुडघे फुटले, पोरीला खरचटण्यावर निभावले.

आता ती एकटीच मेणवलीला जाते. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहते, माझ्याकडे न बघता.