थुंकीचा रिपोर्ट आला, तरी एक प्रश्न विचारा

मागच्या वर्षी रिसोडकडच्या आमच्या मावशीला टीबी निघाला. सीबीनॅटचा रिपोर्ट आला : रिफाम्पिसिन चालतं. घरचे निश्चिंत झाले. दोन महिने गोळ्या घेऊनही खोकला हटेना. पुढच्या तपासणीत कळलं, तिच्या जंतूवर आयसोनियाझिड चालतच नव्हतं.

मशीन चुकली नव्हती. ती टीबी आणि रिफाम्पिसिन एवढंच बघते.

टीबीच्या जंतूची जनुकीय अक्षरं सुमारे ४४ लाख. कोणतं अक्षर बदललं की कोणतं औषध फुकट जातं? क्रिप्टिक या आंतरराष्ट्रीय गटाने २०२२ मध्ये १०,२२८ जंतूंची अक्षरं १३ औषधांशी ताडून पाहिली. मुंबईचं हिंदुजा हॉस्पिटलही या गटात होतं.

काम सोपं नाही. एका भावकीत सगळे देशमुख आणि सगळ्यांना शुगर, म्हणून आडनावाने शुगर होते का? जंतूंचीही भावकी असते. ती गणितातून बाजूला काढली, तरच खरं कारण हाती लागतं.

अशा बदलांची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच काढली. पण आकांक्षित जिल्हा म्हणवणाऱ्या आपल्या वाशिममध्ये, मानोऱ्याच्या पेशंटला तिचा फायदा कधी? त्याची थुंकी पुढच्या तपासणीला वेळेत गेली तरच.

म्हणून मित्रहो, घरात टीबी निघाला तर गोळ्या बंद करू नका, आणि डॉक्टरांना विचारा : "आयसोनियाझिडची तपासणी पाठवली का? रिपोर्ट कधी येणार?"

विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.