उत्तर बरोबर, पण रीत?

मंडळी, मी पोकरची पुस्तकं वाचतोय हे कळल्यावर आमच्या घरी जो गहजब झाला तो विचारू नका! आधीच सांगून टाकतो, मी खेळत नाही. रमी, मेंढीकोट आणि झब्बू, एवढीच आपली धाव. पण नातू पुण्यात नोकरीला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला, तेव्हापासून मित्रांबरोबर गोव्याला जायचे बेत चालू आहेत. मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर! त्याने नवशिक्यांसाठीची तीन-चार पुस्तकं धाडली आणि विचारलं, "आजोबा, यातलं कुठलं खरं?" नको जाऊस म्हटलं तर ऐकायचं वय नाही त्याचं. निदान कुणाच्या भरवशावर पगार लावतोय हे तरी त्याला कळावं, म्हणून वाचायला बसलो.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर हळूहळू उघडणारे सगळ्यांचे पाच पत्ते. या सातांतून उत्तम पाच निवडायचे. मध्ये मध्ये पैसे लावायचे, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे.

पुस्तक पारखायची माझी पहिली कसोटी साधी आहे. ते 'का' सांगतं का? आपल्या तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. पोकरमध्ये उलट, कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. बहुतेक पुस्तकं हा क्रम नुसता पाठ करायला देतात. कारण मात्र गमतीचं आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांचे हात २५,९८,९६०. त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. जे दुर्मिळ ते मोठं, बस्स. हे ज्या पुस्तकाने समजावलं, त्याच्या पुढच्या पानांवर माझा जरा विश्वास बसला.

दुसरी कसोटी 'नेहमी' आणि 'कधीच नाही' या शब्दांची. एका पुस्तकात ठणकावून लिहिलंय की कलरला एक पत्ता कमी असेल तर कधीच डाव सोडू नका. आता हिशोब करू. टेबलावर चार पत्ते उघडलेत, बदामाला एकच पत्ता हवा. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. (बदाम आला की आपण जिंकलो असं धरू.) मधे २०० रुपये आहेत आणि राहायला १०० भरायचे आहेत. असा प्रसंग ४६ वेळा आला तर ९ वेळा २०० मिळतील, म्हणजे १,८००. आणि ३७ वेळा १०० जातील, म्हणजे ३,७००. सरळ तोटा! पण मधे ८०० असतील तर ७,२०० मिळून ३,७०० जातात, तिथे राहिलंच पाहिजे. पत्ते तेच, निर्णय वेगळा. म्हणजे सल्ला 'किती पैशांसाठी किती' यावर हवा. डेव्हिड स्क्लान्स्की यांचं १९८७ चं 'द थिअरी ऑफ पोकर' नवशिक्याला जड जाईल, पण त्यात विचार असा पायरीपायरीने येतो.

तिसरी कसोटी मात्र माझ्या जिव्हाळ्याची. वर्गात गणित तपासताना उत्तर बरोबर पण रीत चुकीची असेल तर मी पूर्ण मार्क देत नसे. मुलं कुरकुरायची. पोकरमध्ये तर हे पावलोपावली घडतं. चुकीचा डाव खेळून माणूस जिंकतो आणि बरोबर खेळून हरतो. दोन एक्के वाटले जायची शक्यता २२१ त १, आणि तेही कुठलेही दोन पत्ते घेऊन बसलेल्या एकट्या माणसाकडून साधारण सातांत एकदा हरतातच. म्हणून 'मी असं खेळलो आणि जिंकलो' हा पुरावा नव्हे. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट पोकरच्या जागतिक स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकला आणि त्यानंतर पोकर शिकणाऱ्यांची झुंबड उडाली. स्पर्धेत ८३९ जण होते. उरलेल्या ८३८ जणांची पद्धत कुणी विचारली? हरलेल्या डावातही आपला निर्णय कसा बरोबर होता, आणि जिंकलेल्या डावात कुठे चुकलं, हे दाखवणारा लेखक मला खरा शिक्षक वाटतो. 'आता बराच वेळ हरलात, म्हणजे पत्ते फिरणारच' असं लिहिणाऱ्याचं पुस्तक खुशाल रद्दीत घाला. पत्त्यांना मागचं काही आठवत नसतं.

शेवटची कसोटी म्हणजे जहाजाच्या मालकाचा वाटा. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात आणि कॅसिनो मधल्या मधे आपला हिस्सा कापून घेतो. म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांनी एकच उत्तम पुस्तक वाचलं, तर सगळे मिळून तोट्यातच! पाठवलेल्या पुस्तकांपैकी एकातच याचा हिशोब सापडला. तेवढं नातवाला परत पाठवलंय. वरच्या ४६ पत्त्यांचं गणित कोऱ्या कागदावर सोडवून मला दाखव, मग गोव्याचं तिकीट काढ, अशी अट घातली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

असो. शेअर बाजाराच्या आणि 'यशस्वी व्हा' छापाच्या पुस्तकांनाही या कसोट्या लावून बघा. तुमच्या कपाटातली किती टिकतात, ते जरूर कळवा.