सात रात्रींचं इंग्लंड

भाच्याने इंग्लंडच्या सहलीचा आराखडा पाठवला, त्यात सात रात्रींत नऊ ठिकाणं होती. लंडन, ऑक्सफर्ड, बाथ, स्टोनहेंज, कॉट्सवोल्ड्समधली खेडी, स्ट्रॅटफर्ड, यॉर्क, लेक डिस्ट्रिक्ट आणि शेवटी 'जमलं तर एडिनबरा'. एडिनबरा इंग्लंडात नसून स्कॉटलंडात आहे, हे सोडून देऊ. त्याचा तरी काय दोष? नकाशावर इंग्लंड लहान दिसतं. लंडनहून ऑक्सफर्ड रेल्वेने तासाभरावर, बाथ दीड तासावर, यॉर्क दोन तासांवर. मुंबई-रत्नागिरी प्रवासात अख्खा दिवस घालवणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन तास म्हणजे एक डुलकी.

पण गाडीत बसण्याआधी आणि उतरल्यानंतरही प्रवास असतोच. जायचं आहे आम्हा चौघांना : अब्बा, अम्मी, भाचा आणि मी. अब्बांना एकाहत्तरावं लागलंय, अम्मीचे गुडघे दुखतात. लंडनहून यॉर्कला मुक्काम हलवायचा, तर सकाळी दहा-अकराच्या आत खोली सोडायची. बॅगा घेऊन भुयारी रेल्वेचे जिने, कारण तिथल्या सगळ्याच स्थानकांवर लिफ्ट नाही. मग मोठ्या स्थानकावर बोर्डाकडे माना वर करून उभं राहायचं, कारण फलाट कोणता हे गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी कळतं. कळलं की सगळी गर्दी एकदम तिकडे. दोन तासांनी यॉर्क. पण हॉटेलची खोली बहुधा तीनच्या आधी मिळत नाही, म्हणजे बॅगा कुठेतरी ठेवायच्या. जेवण, जुहर. दोन तासांच्या प्रवासाने सहा तास खाल्ले. मुक्काम बदलला की अर्धा दिवस गेला, हा माझा हिशोब. नऊ ठिकाणांचे साडेचार दिवस नुसते बॅगा ओढण्यात जातील.

म्हणून मी किलोमीटर मोजणं सोडलं आणि बिछाने मोजायला घेतले. सात रात्री, दोन बिछाने. लंडनमध्ये चार रात्री, दुसऱ्या एका शहरात तीन. येताना हीथ्रोला उतरायचं आणि परतताना मँचेस्टरहून दुबई किंवा दोहामार्गे निघायचं, म्हणजे लंडनला उलटं येण्याचा दिवस वाचतो. अशा तिकिटाचे दर नेहमीच्या जाण्यायेण्याच्या तिकिटापेक्षा फार वेगळे असतातच असं नाही. विचारून पाहावं.

महिना ठरवताना आमच्या घरात पहिला प्रश्न हवामानाचा नव्हता, नमाजचा होता. जूनच्या अखेरीस लंडनला सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो आणि पहाटे पावणेपाचच्या सुमाराला उगवतो. मधल्या काळात पुरता काळोख होतच नाही, म्हणून इशा आणि फजरच्या वेळांवर तिथल्या मशिदींमध्येही एकमत नाही. दिवसभर पायपीट करून मध्यरात्रीपर्यंत इशासाठी जागणं अब्बांना झेपणार नाही. उलट ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या आत मगरिब होते, दिवस हाताशी उरत नाही. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य सातच्या आसपास मावळतो, जुहर एकच्या सुमाराला. जवळपास आपल्या गावासारखंच. तिथल्या शाळा उघडलेल्या असतात, म्हणून गर्दीही जरा कमी. आम्ही सप्टेंबर धरला.

आम्ही कोकणी, म्हणजे शाफई. प्रवासात कसर आणि जुहर-असर एकत्र पढायची सवलत आम्हाला आहे. हनफी मंडळी कसर करतात, पण हजचा प्रसंग सोडला तर दोन नमाजा अशा एकत्र करत नाहीत. त्यांनी आपला आराखडा त्या हिशोबाने आखावा. आमच्यात आल्यागेल्याचे दिवस सोडून चार पूर्ण दिवस एका जागी राहायचा इरादा असला, की मुसाफिराची सवलत संपते. मंगळवारी संध्याकाळी उतरून शनिवारी सकाळी लंडन सोडलं, तर मधले पूर्ण दिवस तीनच. अब्बा खूश झाले. आराखडा शरियतनेच आखून दिल्यासारखा झाला, असं भाचा म्हणाला. तो चेष्टेत म्हणाला, अब्बांनी ते गंभीरपणे घेतलं.

मग प्रत्येकाला मी एकच गोष्ट मागायला सांगितली. दोन नाहीत.

अब्बांनी अब्दुल्ला यूसुफ अलींची कबर मागितली. अब्बांनी हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि कुरआनचा अर्थ ते यूसुफ अलींच्या इंग्रजीतून वाचत आले. हा माणूस १८७२ साली आपल्या मुंबईत जन्मला, विल्सन कॉलेजात शिकला, केंब्रिजला गेला, आयसीएस झाला. त्याचं भाषांतर १९३४ पासून लाहोरहून छापून येऊ लागलं आणि जगभरच्या घरांत पोचलं. आणि १९५३ च्या डिसेंबरात, लंडनच्या थंडीत, हाच माणूस बेवारशासारखा पोलिसांना सापडला. दुसऱ्या दिवशी तो वारला. लंडनच्या नैऋत्येला ब्रुकवुडच्या कब्रस्तानात त्याची माती आहे. तिथेच मार्माड्यूक पिकथॉल आहेत. कुरआनचं इंग्रजी भाषांतर १९३० साली प्रसिद्ध करणारे पिकथॉल त्याआधी मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. म्हणजे त्या मातीत मुंबईची दोन माणसं झाली. "लंडन टॉवर नाही पाहिला तरी चालेल," अब्बा म्हणाले, "तिथे एक फातेहा पढू दे."

ब्रुकवुड १८५४ साली सुरू झालं. त्या काळी लंडनहून तिथे मय्यती नेण्यासाठी खास रेल्वेगाडी धावत असे, ती १९४१ पर्यंत चालली. आजही लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून गाडी ब्रुकवुडला जाते आणि स्थानक कब्रस्तानाला लागूनच आहे. पण आवार सुमारे दोनशे हेक्टरांचं, त्यामुळे अम्मी-अब्बांसाठी टॅक्सी धरावी लागेल. त्याच्या अलीकडचं स्थानक वोकिंग. तिथली शाहजहान मशीद १८८९ साली बांधली गेली. भोपाळच्या शाहजहान बेगमेने पैसा दिला आणि लाइटनर नावाच्या भाषापंडिताने ती उभी केली. मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधली ही पहिली इमारत. मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, तरी शुक्रवार आम्ही याच बाजूला ठेवला : सकाळी कब्रस्तान, मग वोकिंगला जुमा. जमातीची वेळ आधी पाहून घ्यायची.

भाच्याला अँफील्डचं स्टेडियम हवं होतं. सालाहने आपल्याकडच्या किती पोरांना लिव्हरपूलचं करून टाकलं, ते गल्लीतल्या टीशर्टांवरून कळतं. मला वाटलं होतं हे मधेच कुठेतरी कोंबावं लागेल. पण लिव्हरपूललाच अब्दुल्ला क्विलियमची मशीद आहे. क्विलियम तिथला वकील, १८८७ मध्ये मुसलमान झाला आणि ब्रूम टेरेसवरच्या एका घरात त्याने मशीद सुरू केली, तीही १८८९ सालीच. पुढे ती वास्तू अनेक वर्षं वेगळ्याच कामाला वापरली गेली, मग दुरुस्त होऊन २०१४ मध्ये पुन्हा उघडली. क्विलियमची माती मात्र ब्रुकवुडलाच आहे. शुक्रवारी ज्याच्यासाठी दुआ करायची, त्याचं घर सोमवारी पाहायचं. तेव्हा दुसरं शहर लिव्हरपूल. भाच्याचं काम आपोआप झालं.

स्टोनहेंज कोणीच मागितलं नाही. लंडनहून सॉल्सबरी दीड तास, तिथून बस, आणि साध्या तिकिटावर दगड थोडं लांबूनच पाहायचे. पूर्ण दिवस जातो. फोटो पाहून अम्मी म्हणाली, "आपल्या परसात जांभा काय कमी पडलाय?"

अडलं ते अम्मीपाशी. तिने बर्मिंगहॅमची तिची मावसबहीण मागितली. तीस वर्षांपूर्वी लग्न करून गेलेल्या या खालाला अम्मी त्यानंतर एकदाच भेटली, तीही मय्यतीला. लंडन ते बर्मिंगहॅम सव्वा-दीड तास, तिथून लिव्हरपूल पावणेदोन तास. कागदावर सोपं : शनिवारी निघायचं, दुपारी खालाकडे जेवायचं, रात्री लिव्हरपूल. पण आपल्या माणसांकडे जेवून लगेच बॅगा उचलता येतात का? खालाने फोनवर ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे हॉटेलात राहणार?" अम्मी काही बोलली नाही. ती बोलली नाही, म्हणजे ठरलं. दोन बिछान्यांचे तीन झाले. लिव्हरपूलची एक रात्र गेली, लेक डिस्ट्रिक्ट गेलं.

बाकी तयारी किरकोळ. व्हिसाचा अर्ज निघण्याआधी तीन महिन्यांपर्यंत करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. तोवर परत न मिळणारं काही आरक्षित करायचं नाही. लांबच्या गाड्यांची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. साठीच्या पुढच्यांना सीनियर रेलकार्डावर एक तृतीयांश सूट आहे. फिश अँड चिप्स घेताना कशात तळलंय ते विचारायचं, उत्तरेकडे पुष्कळदा गाईबैलाच्या चरबीत तळतात, आणि ती हलाल कुठून असणार? आणि एक रिकामी पाण्याची बाटली जवळ ठेवायची. कशासाठी, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

आता काळजी रविवारची. इंग्लंडात रूळदुरुस्ती बहुतेक रविवारी निघते आणि गाडीऐवजी बस देतात. बर्मिंगहॅम-लिव्हरपूलची आमची गाडी नेमकी रविवारची. तिकिटं खुली झाली की ते आधी पाहायचं. बस निघाली, तर शनिवारी खालाकडे सकाळीच पोचायचं आणि रविवारी नाश्ता न करता निघायचं. पण नाश्ता न करता निघायचं, हे खालाला कोण सांगणार, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.