पाना बसला म्हणून...

'वर्कशॉप' म्हटलं की आपल्याला आठवतो फर्स्ट इयरचा जॉब आणि कानस घासून हाताला आलेले फोड! पण खरं वर्कशॉप मी पाहिलं ते गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. मामाच्या मित्राची एमजी टीसी तिथे उघडून ठेवली होती. दोन सीटची ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार होई. इंजिन अवघं १२५० सीसी, आणि बॉडीच्या पत्र्याआड चक्क ॲश लाकडाचा सांगाडा!

गंमत पुढेच आहे. या इंजिनाच्या नट-बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. मिस्त्रीकाका म्हणाले, "पोरी, पाना बसला म्हणून नट बसेलच असं नाही." माझं मराठी कॉन्व्हेंटचं, 'आटे' हा शब्दसुद्धा मी त्यांच्याकडूनच शिकले.

पुढे रॅलीत सगळ्यांनी चकाकत्या बॉनेटपाशी फोटो काढले. काका मात्र मागे उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकत होते. त्यांच्या दोन्ही मुलांनी हे काम घेतलं नाही. टीसीचे सुटे भाग आजही परदेशातून मागवता येतात, पण काकांच्या बोटांना जे कळतं ते कुठून मागवणार? त्यांनी ते कधी लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून या सुट्टीत मी वही-पेन घेऊन तिथे जाणार आहे. मेकॅनिकलवाल्यांनो, कोणी येतंय का सोबत?