पाटीवरचं ‘घरगुती’

गेल्या वर्षी आमच्या लग्नाला ४० वर्षं पूर्ण झाली. मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे, इंग्लंडात लीड्सला होतो. मुलाने आणि सूनबाईने आपसात ठरवून एके संध्याकाळी आमच्या हातात एक कागद ठेवला. यॉर्कशरच्या डोंगराळ भागात, व्हार्फ नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात, जुन्या पारंपरिक पबमध्ये दोन रात्रींचं बुकिंग. मुलगा म्हणाला, “बाबा, आयुष्यभर लोकांना जेवायला वाढलंत. आता दोन दिवस दुसऱ्याने वाढलेलं जेवा.”

तो असं का म्हणाला ते आपल्या बडोद्याच्या जुन्या मंडळींना सांगायला नको. दांडिया बाजाराच्या बाजूला आमची खाणावळ होती. वडिलांनी ती १९५८ साली सुरू केली, मी ती २०१६ साली बंद केली. दारावर पाटी होती, ‘घरगुती मराठी जेवण’. या पाटीकडे मला शेवटी परत यायचं आहे.

आपल्याकडे पब म्हटलं की कानठळ्या बसवणारं संगीत आणि तरुण पोरं डोळ्यांसमोर येतात. इंग्लंडच्या खेड्यातला पब तसा नसतो. पब म्हणजे पब्लिक हाऊस, सगळ्यांचं घर. आपल्या गावाकडचा पार, चहाची टपरी आणि खाणावळ एकाच छपराखाली आणली तर जे होईल, साधारण ते. खाली प्यायची आणि जेवायची सोय, काही ठिकाणी वर मुक्कामाच्या खोल्या. दारावर चित्राची पाटी टांगलेली असते. त्या पाटीची प्रथा फार जुनी. १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजाने कायदाच केला की बिअर विकणाऱ्याने बाहेर खूण लावली पाहिजे.

रविवारी दुपारी मुलाने आम्हाला गाडीने सोडलं. वाटेत चुना न वापरता नुसते दगडावर दगड रचून केलेल्या भिंती मैलोनमैल दिसत होत्या, आणि हिरव्यागार उतारांवर कोकरं. पबही बाहेरून अगदी चित्रासारखा. जाड दगडी भिंती, छोट्या खिडक्या, आत काळपट तुळया. कागदावरच्या फोटोत धगधगती शेकोटी होती. प्रत्यक्षात शेकोटीच्या जागी दिवाळीला आपण लावतो तशी दिव्यांची माळ गुंडाळून ठेवली होती. मुलाला सोमवारी कामावर जायचं होतं, तो लगेच परतला.

पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी बारमागे उभी होती. तिनेच किल्ली दिली, तिनेच बॅग उचलली. जिना इतका उभा की माझ्या गुडघ्यांनी तिथेच तक्रार नोंदवली. खोलीची जमीन एका बाजूला कललेली. टेबलावर ठेवलेला चष्मा घरंगळत कडेला आला. तुळईला मी पहिल्या तासात दोनदा डोकं आपटलं. सौ. म्हणाली, “अहो, तीनशे वर्षं ती तिथेच आहे. तुम्हीच वाकायला शिका.”

सात वाजता जेवायला खाली उतरलो. खिडकीजवळचं टेबल धरलं आणि बसून राहिलो. अर्धा तास झाला, कोणी विचारेना. शेवटी बारपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना आमची दया आली. त्यांनी सांगितलं की पबमध्ये टेबलापाशी कोणी येत नाही. आपण बारवर जायचं, मागायचं, पैसे तिथेच द्यायचे. ही चूक आमची. वाचून जायला हवं होतं. पण बारवर गेल्यावर कळलं की रविवारी दुपारचं ‘संडे रोस्ट’ चार वाजता संपलं की स्वयंपाकघर बंद, ते थेट सोमवारी सकाळी न्याहारीला उघडणार. आत्ता मिळतील बटाट्याचे वेफर्स आणि खारे दाणे. गावात दुसरं हॉटेल नाही. संध्याकाळची बस नाही.

खोलीत चहाची किटली होती आणि सौ.च्या पिशवीत बडोद्याहून आणलेला लिलो चिवडा. त्यावर आम्ही लग्नाची ४० वर्षं साजरी केली. हसलो खूप, पण हसता हसता सौ. म्हणाली, “पोराने किती हौसेने केलंय हो,” आणि मग दोघंही गप्प झालो. दोन रात्रींचे त्याने अडीचशे पौंडांच्या आसपास मोजले होते.

रात्री आमच्या जमिनीखालीच बार. अकराच्या सुमारास शेवटच्या मागणीची घंटा वाजली, तोवर प्रत्येक हशा आम्हाला ऐकू येत होता. घंटेनंतर फ्रिजची घरघर. नऊलाच हीटर थंड पडला होता. मे महिना असूनही सौ. स्वेटर घालून झोपली.

सकाळच्या न्याहारीत ‘फुल इंग्लिश’ होता. सॉसेज, बेकन, अंडी, बीन्स आणि रक्तापासून केलेलं काळं पुडिंग. आम्ही बीन्स, टोमॅटो आणि गार टोस्टवर भागवलं. मग नदीकाठाने फिरलो. तो दिवस सुंदर गेला, हेही सांगायला हवं. पाण्याचा आवाज, ऊन-सावली, कुठेही कचरा नाही. पण परत आलो तेव्हा अडीच वाजायला दहा मिनिटं होती आणि दुपारचं जेवण दोनला संपलं होतं.

रात्रीच्या जेवणाची वेळ मात्र चुकवली नाही. मी मासे खातो, म्हणून फिश अँड चिप्स मागणार होतो. तळण कशात आहे विचारलं, तर मुलीने खरं सांगितलं: गाईच्या चरबीत. यॉर्कशरमध्ये ती जुनी पद्धत आहे, आणि तिथल्या लोकांना तीच चव हवी असते. तो बेत रद्द. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, ‘घरी बनवलेला भाज्यांचा पाय’. वर खुसखुशीत आवरण असलेला, आत भाज्या भरलेला हा पदार्थ. दोघांसाठी तोच सांगितला.

पाच मिनिटांत आतून आवाज आला, टिंग.

मंडळी, मी खाणावळवाला. तो आवाज मला फसवू शकत नाही. मायक्रोवेव्ह. ताट आलं. कडेला रस्सा उकळत होता आणि मधोमध भाजी गार होती. वरचं आवरण वेगळं भाजून झाकणासारखं ठेवलेलं, उचललं की अख्खं हातात. पिशवी फोडून गरम केलेलं जेवण होतं ते. प्रत्येकी सतरा पौंड. राग आला तो किमतीचा नव्हता. फळ्यावरच्या त्या ‘घरी’ या शब्दाचा होता.

आदल्या दिवशीचे गृहस्थ त्याच खुर्चीत होते. मी अर्धा पाइंट स्थानिक एल घेतली आणि त्यांच्याशेजारी बसलो. घोट घेतला, आंबट लागली. वाटलं, यांची चवच अशी असेल, आणि मुकाट्याने पीत राहिलो. ते गृहस्थ मात्र स्वतःचा ग्लास घेऊन बारवर गेले आणि म्हणाले, ही बिघडली आहे. मुलीने वाद न घालता ग्लास बदलून दिला. माझाही बदलला.

मग त्यांनी समजावलं. हाताने पंप ओढून काढतात ती एल पिंपात जिवंत असते, पिंपातच मुरते. ती फ्रिजमधल्यासारखी थंड नसते, तळघराच्या तापमानाला, साधारण १२ अंशांना देतात. एकदा पिंप उघडलं की तीनएक दिवसांत संपलं पाहिजे, नाहीतर आंबतं. म्हणजे चांगली एल रोज पिणारी माणसं असतील तिथेच मिळणार. पूर्वी हा पब एक जोडपं चालवायचं. नवरा तळघर सांभाळायचा, बायको स्वयंपाक. आता मालकी कंपनीची. १९८९ साली सरकारने मोठ्या दारू-कारखान्यांनी किती पब बांधून ठेवायचे यावर मर्यादा आणली. हेतू चांगला होता, पण त्यातून हजारो पब नव्या कंपन्यांच्या हातात गेले. असे पब चालवायला घेणाऱ्याने भाडंही द्यायचं आणि बऱ्याचदा बिअरही त्यांच्याकडूनच, त्यांच्या दराने घ्यायची. या पबचं ते जोडपं थकून गेलं. गावातली बरीच घरं आता सुटीपुरती उघडतात. रोजचे गिऱ्हाईक म्हणून हे आणि आणखी चार-पाच जण उरलेत.

रोजची माणसं सरली की पिंप आंबतं. हे मला इंग्रजीतून समजून घ्यायची गरजच नव्हती.

आमच्या खाणावळीतही महिन्याचे मेंबर होते तोवर आमटी दोन वेळा ताजी व्हायची. विद्यापीठातली मुलं, बँकेतले एकटे राहणारे. ते घटले. २०१४ मध्ये आमचे २२ वर्षांचे आचारी दुखण्याने घरी बसले. मी पोळ्या बाहेरून घेऊ लागलो, भाजीची ग्रेव्ही तयार आणू लागलो, सकाळची आमटी संध्याकाळी पाणी घालून उकळू लागलो. पाटी तीच ठेवली. एक दिवस एक गृहस्थ बायकामुलांना घेऊन आले. ऐंशीच्या दशकात शिकायला होते तेव्हा आमच्याकडेच जेवायचे. वडिलांची चौकशी केली. जेवले, पैसे दिले, “छान होतं” म्हणाले. दाराबाहेर पडताना त्यांचा मुलगा म्हणाला, “बाबा, हेच का ते?” मी गल्ल्यावर होतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्यांनी तोंडावर सांगितलं असतं तर कदाचित पाटी तरी दोन वर्षं आधी उतरवली असती.

सकाळी किल्ली परत देताना मुलीने विचारलं, सगळं ठीक होतं ना? तिथे याचं उत्तर ‘लव्हली’ असंच द्यायचं असतं. मी म्हणालो, मीही जेवणाचाच धंदा केलाय म्हणून सांगतो. मुक्काम अवघड गेला ते सोडा, पण पाय घरी बनवलेला नव्हता. ती लाल झाली. म्हणाली, स्वयंपाकी फेब्रुवारीत गेला, फळा त्याच्या हातचा आहे, रविवारी कंपनीचा एक माणूस येतो, बाकी दिवस मी एकटीच. मी म्हणालो, ठाऊक आहे, मी पण दोन वर्षं पाटी उतरवली नव्हती. पैसे परत देऊ का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. सौ.ने उरलेल्या चिवड्याचं पाकीट तिच्या हातात दिलं, तिखट आहे असं बजावून.

कोणी जाणार असेल तर चार गोष्टी सांगतो. रविवार संध्याकाळ आणि सोमवार स्वयंपाकघर चालू आहे का, हे बुकिंगआधी फोन करून विचारा. दुपारचं जेवण बहुधा दोन-अडीचला संपतं. खोली बारच्या वर नको म्हणून सांगा, आणि जिना कसा आहे तेही विचारा. तळण कशातलं ते विचारायला लाजू नका. ऑर्डर बारवर. आणि फोटोतली शेकोटी पेटते का, हेही विचारून घ्या!

मुलगा न्यायला आला. गाडीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, “काय बाबा, कसं होतं?” सौ.ने माझ्याकडे पाहिलं. “छान होतं” हे शब्द माझ्या तोंडावर आलेच होते. मग मी त्याला सगळं सांगितलं, दिव्यांच्या माळेपासून टिंगपर्यंत. आधी त्याचा चेहरा पडला, मग चिवड्याच्या गोष्टीवर तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. लीड्सला पोचल्यावर सूनबाईने कुकर लावला होता. वरण-भात, लिंबू, साजूक तूप. मी दोनदा वाढून घेतलं.