हाली की कलदार?

मैत्रिणींनो, घरातले कोणी परदेशी नोकरीला लागले की मागे राहिलेल्यांना एक खोड जडते. गुणाकाराची. आमच्या धाकट्या भाऊजींचा दुबईहून फोन आला, पगार वाढल्याचे त्यांनी सांगितले, की इकडे पोह्यांच्या बशा हातात तशाच धरून हिशेब सुरू. इतके दिरहम, म्हणजे आपले इतके रुपये! सासूबाईंना तेराचा पाढा विचाराल तर अडखळतील, पण हा पाढा त्यांना तोंडपाठ आहे.

यंदा तो गुणाकार आमच्याच उंबऱ्यापर्यंत आला. भाऊजींच्या ओळखीने ह्यांना तिकडे नोकरी मिळते आहे, इथल्या जवळजवळ चौपट पगाराची. महिन्याभरात होय की नाही ते कळवायचे आहे. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. जितके तास तितके पैसे. दिवाळीची सुट्टी आली की पगारालाही सुट्टी. तेव्हा माझ्या नोकरीचा विषय कोणी काढलाच नाही. "तुझं काय, बघू पुढं," असे हे म्हणाले आणि पुन्हा गुणाकाराला लागले.

तेवढ्यात बाजेवर पडलेल्या मोठ्या आईंनी, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंनी, विचारले, "पगार सांगायलाव ते हालीत का कलदारात?"

मुले खो खो हसली. नव्वदी ओलांडलेले माणूस, काहीतरी जुने बोलते आहे असे त्यांना वाटले. मी मात्र हातातले काम टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसले. इतका नेमका प्रश्न त्या दिवसभरात घरात कोणीच विचारला नव्हता.

तुमच्यापैकी ज्या मराठवाड्याबाहेरच्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. लातूर काय किंवा माझे माहेर नांदेड काय, १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. संस्थान म्हटले की डोळ्यांपुढे राजवाडा येतो, पण आमचे संस्थान म्हणजे जवळजवळ दुसरा देशच. पोस्टाची तिकिटे वेगळी, कागदोपत्री फसली सन, वरच्या कचेऱ्यांची भाषा उर्दू, हद्दीवर जकातीसाठी करोडगिरीचा नाका, आणि नाणेही वेगळे. निजामाचा रुपया तो हाली, म्हणजे चालू. इंग्रजांचा तो कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला. सरकारी भाव ७ हालीला ६ कलदार. १०० कलदार मोजले की ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हातात पडत.

मोठ्या आईंचे माहेर बार्शीचे, इंग्रजी मुलखातले. सासर मुरूडच्या बाजूचे खेडे, निजामी. मध्ये अंतर ते काय, चाळीसेक मैल. बार्शीची ती छोटी आगगाडी १९११ पासून लातूरपर्यंत येत होती, त्यामुळे लातूरच्या पेठेचे तोंड बार्शीकडे. आमच्या नांदेडचे तोंड हैदराबादकडे. (अजूनही माझ्या माहेरी मोठे दुखणे निघाले की हैदराबाद गाठतात, सासरी निघाले की सोलापूर.)

लग्न १९४६ सालच्या वैशाखातले. बोलणी लातुरात एका अडतीवर झाली आणि हुंडा पाचशे ठरला. हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ चा, तेव्हा त्यात कोणाला वावगे वाटले नाही. वावगे झाले ते वेगळेच. पाचशे म्हणजे कुठले पाचशे, हे कोणी विचारलेच नाही! मोठ्या आईंचे वडील बार्शीत अडत दुकानी दिवाणजी. बोलणे लातुरात झाले म्हणजे नाणेही लातूरचेच, असे धरून त्यांनी ४२८ कलदार नि वर काही आणे मोडले आणि ५०० हाली घेऊन आले. वरपक्ष म्हणाला, मुलगी कलदार मुलखातली, हुंडा हालीत कसा? ५०० कलदार म्हणजे हाली ५८३ रुपये ५ आणे ४ पै! मांडवात वही-पेन्सिल आली. अक्षता मुठीत धरून माणसे उभी, आणि दोन व्याही त्रैराशिक मांडत बसलेले.

लग्न लागले, पण ८३ रुपये ५ आणे ४ पै बाकी राहिली. हा आकडा मोठ्या आई आजही झोपेतून उठवले तरी सांगतील. सासरी दोन वर्षे तो त्यांना ऐकवला जाई, भाजीत मीठ जास्त झाले तरी. त्या दोन वर्षांत माहेरी पाठवणी झाली नाही.

मी विचारले, "मग सुबत्ता कुठं होती हो? माहेरी का सासरी?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाकर सासरी मोठी होती."

आणि ते खरेच होते. बार्शीला दिवाणजीच्या घरी ज्वारी पायलीने विकत येई, चहाला दूध मोजून. महायुद्धाच्या महागाईने ते घर पिचून गेले होते, म्हणून तर हालीत हुंडा दिला तर ७१ रुपये वाचतील हा हिशेब दिवाणजींना गोड लागला. सासरी पेवात ज्वारी, दावणीला म्हशी, तूप घरचे. पण बार्शीला मोठ्या आई नगरपालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या, ताप आला तर दवाखान्यातून औषधाची बाटली आणता येत होती. सासरच्या गावात मुलींची शाळा तर सोडाच, पाटी असलेले घर शोधावे लागे. तालुक्याहून उर्दू कागद आला की तो वाचून घ्यायला माणूस धुंडाळायचा, आणि तो सांगेल ते खरे मानायचे. १९४१च्या शिरगणतीत सबंध संस्थानात शंभरात दहा माणसेही साक्षर निघाली नाहीत.

आणि याच संस्थानाचे धनी मीर उस्मान अली खान! १९३७ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले होते. पैसा नव्हता असे नाही हो. विद्यापीठ झाले, मोठे इस्पितळ झाले, पण ते हैदराबादेत. धरणाची तऱ्हा तर पाहा. आमच्या लातूरकडून जाणाऱ्या मांजरा नदीवर १९३१ साली निजामसागर पुरे झाले, ते खाली तेलंगणात. नदी आमच्या अंगणातून जायची आणि पाणी तिकडे अडायचे.

माझे नांदेडचे आजोबा त्याच राज्यातल्या उर्दू शाळेत शिकलेले. शेवटपर्यंत बेरजेला जमा नि वजाबाकीला तफरीक म्हणत. त्यांच्या शिक्षणाला नावे ठेवायची माझी छाती नाही, उर्दू शेर ऐकावेत तर त्यांच्याच तोंडून. पण त्यांना तीन बहिणी होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही ना जमा येत होती ना बेरीज.

असो. मोठ्या आईंकडे वळते.

२९ नोव्हेंबर १९४७ ला हिंदुस्थान सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर लवकरच निजाम सरकारने हिंदुस्थानचा रुपया संस्थानात चालणार नाही असा हुकूम काढला. पुढच्या उन्हाळ्यात नाकेबंदी, टंचाई आणि रझाकारांची धास्ती. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे निघाली. मोठ्या आईंचे सासर ज्येष्ठात निघाले. पेवातली ज्वारी पेवातच राहिली. अकरा माणसे, दोन बैलगाड्या, प्रवास रात्रीचा, आणि सासऱ्यांच्या कमरेला हाली नोटांचा कसा. बार्शीत ओळखीचे घर एकच होते. ज्याच्याकडे ८३ रुपये ५ आणे ४ पै निघत होते, ते.

"दारात मामंजींनी मला पुढं केलं," मोठ्या आई म्हणाल्या. त्या प्रसंगाविषयी याहून जास्त त्या कधीच सांगत नाहीत.

चार महिने ती अकरा माणसे दोन खोल्यांत राहिली. सातास सहा हा भाव कागदावरच राहिला. सराफ बट्टा लावी, सातास पाचही द्यायला कां-कूं करी. पेवभर ज्वारीचा धनी बार्शीच्या बाजारात पायलीभर ज्वारीला महाग झाला. मोठ्या आईंची धाकटी नणंद आठ वर्षांची होती. तिला मोठ्या आईंच्या आईने कोणाला न विचारता शाळेत नेऊन बसवले. चार महिने, एवढेच त्या आत्याबाईंचे शिक्षण. पण पुढे जन्मभर त्यांनी अंगठा उठवला नाही. मी त्यांना चष्मा लावून पोथी वाचताना पाहिले आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केली. दसऱ्याच्या सुमाराला परत निघताना सासऱ्यांनी कमरेचा कसा सोडला आणि चार महिन्यांच्या खर्चापोटी हाली नोटा व्याह्यांपुढे ठेवल्या. दिवाणजींनी त्या मोजल्या नाहीत. म्हणाले, "राहू द्या. इथं हाली चालत नाही."

हे त्यांनी मायेने म्हटले की दोन वर्षांचा वचपा काढला, मोठ्या आईंना अजून उलगडलेले नाही. कधी म्हणतात, माझा बाप मनाचा लई मोठा. कधी म्हणतात, "आवाज बाकी बरोबर नव्हता, माय."

गावी परतल्या तर पेव रिकामे होते, आणि शेजारच्या पिंजाऱ्याचे घरही. संस्थान पडल्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची पुढे सुंदरलाल समितीने चौकशी केली. मी शाळेत हे शिकवत नाही, पाठात ते नाही. मोठ्या आई एवढेच म्हणतात, "त्यांचं कोणी बार्शीला नव्हतं."

हाली रुपया पुढे काही वर्षे कलदाराबरोबर चालला आणि १९५९ साली कायमचा गेला. चारमिनारची दोन नाणी मोठ्या आईंच्या डब्यात अजून आहेत. गंमत अशी की त्याच १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती मुलखासाठी वेगळा रुपया काढला. दुबईत १९६६ पर्यंत रुपयाच चालत होता! तेव्हा कलदारवाले आपण होतो म्हणायचे. आता ते आहेत.

तर मोठ्या आईंचा प्रश्न घेऊन मी धाकट्या जावेला फोन लावला. म्हटले, "अगं, रुपयांत सांगू नकोस. दिरहमातही नको. पगाराचे दहा वाटे कर नि कुठला वाटा कुठं जातो ते सांग." ती पहिल्यांदा हसली, आणि मग तासभर बोलत राहिली. घरभाड्यालाच तीनाहून जास्त वाटे. पगारावर प्राप्तिकर नाही, पण आपल्या मुलांना तिथे फुकटाची शाळा नाही, फीची शाळा नि वर बसचे पैसे. दोन वर्षांत लातूरला एक खेप, तीही विमानाची तिकिटे स्वस्त असतील त्याच महिन्यात. "वहिनी, इथं कमवून इथंच राहिलं तर चौपट कुठलं? चौपट होतं ते तिकडं पाठवलं की," ती म्हणाली.

पण तिने दुसरेही सांगितले, आणि ते लपवले तर माझा हिशेब खोटा होईल. तिच्या नळाला चोवीस तास पाणी असते. नदी नाही, नाला नाही, समुद्राचे पाणी गोड करून घरोघर पोचवतात. इकडे २०१६ साली माझी मोठी मुलगी दोन वर्षांची होती. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एका बादलीत मुलीची आंघोळ, मग त्याच पाण्यात तिचे कपडे, मग ते पाणी संडासाला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळे गाव टी.व्ही.पुढे. मोठ्या आईंनी फक्त विचारले होते, "बार्शीवरूनच आली का?" बार्शीवरूनच आली होती.

म्हणजे चौपट पगाराचा गुणाकार खरा आहे, पण एका अटीवर. ह्यांनी एकट्याने जायचे, तिकडे कमवायचे, आणि मी मुलींना, सासूबाईंना नि मोठ्या आईंना घेऊन इथे खर्चायचे. ही अट घरात कोणी तोंडाने काढलेली नाही. पण सगळ्यांनी ती धरूनच पोहे खाता खाता हिशेब केला होता. ह्यांचे "बघू पुढं" मला तेव्हा कळले नव्हते, आता कळते. मी ते त्यांना बोलूनही दाखवले. हे रागावले नाहीत, पण दोन दिवस गुणाकार बंद आहे.

मी किराण्याच्या वहीत मधोमध रेघ मारून दोन रकाने केले आहेत. जावेने तिच्या बाजूचे आकडे लिहून पाठवले, ते डावीकडे उतरवले. उजवीकडचे मला येतात. खाली एक ओळ मोकळी आहे, तिथे ह्यांनी लिहायचे आहे. आज रात्री मुली झोपल्या की आम्ही दोघे वही घेऊन बसणार आहोत. मोठ्या आई म्हणाल्या, मी जागीच असते.